थ्रेशरवाल्याची पहिली बोट

तिरोड्याच्या रस्त्यावर धानाचे थ्रेशर जोडणारा एक वेल्डर होता. नाव कधी विचारलं नाही. त्याच्या हातोड्याच्या आवाजानं शेजारच्या शेतातल्या बांधीतला धान उभ्या उभ्या तांदूळ व्हायचा, एवढी ओळख मला पुरे होती. यंदा त्यानं तलावातल्या मासेमारीसाठी लोखंडी बोट जोडली, आयुष्यातली पहिली. लोक हसले. तो मात्र बाजारात कलिंगड निवडावं तसा पत्र्याला कान लावून टकटक करत राहायचा.

बोट तलावावर आणली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मी भज्याच्या कागदावर वाचलेलं सांगितलं, "जर्मनीतली एक मोठी जहाजं बांधणारी कंपनीबी आधी बॉयलर अन् शेतीची यंत्रंच बनवत होती."

"मंग त्यायची पहिली बोट बुडली का, भाऊ?"

कागद नेमका तिथंच फाटला होता. मी ठणकावलं, "बुडते कशी! आजबी तरंगून राहिली."

"मंग आपली कायले बुडन?" म्हणत तो गडी, पोहता येत नसताना, सर्वांआधी बोटीत चढला.

बोट तरंगली. मध्यावरून तो ओरडला, "जर्मनीले कळवजा!"

मी मान डोलावली. एवढ्या वजनाची थाप पाण्यावर तरंगताना मीही पहिल्यांदाच पाहत होतो.