तिसऱ्या भेटीची तारीख

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती मुलीजवळ पुण्याला असते, फोनवर आम्ही गॅस आला का, गुडघा कसा आहे, एवढंच बोलतो. तुम्हाला सांगून बघतो. जमेल तसं.

मी अमरावतीला कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच विषयांचे पाच जण एकत्र आलो. प्रश्न एकच — माणसाचं जगणं कशानं बरं होतं? अर्थशास्त्रवाला म्हणे, हाती पैसा हवा. डॉक्टरीणबाई म्हणत, आधी झोप. मानसशास्त्रवाली म्हणे, नाती. तत्त्वज्ञानाचे सर हसून म्हणत, 'बरं' म्हणजे काय ते तर आधी ठरवा! शेवटी ठरलं, लोकांनाच विचारू. एकेका माणसाकडे वर्षात तीनदा जायचं, समोर बसून तेच प्रश्न विचारायचे. एकदाच विचारलं तर माणूस त्या दिवसापुरतं बोलतो — तीनदाची अट माझीच होती. हे लक्षात ठेवा.

माझ्या वाट्याला अकोला आलं. जुन्या शहरात एका गल्लीत कुसुमबाई राहायच्या. मुलींच्या वसतिगृहात जन्मभर पोळ्या लाटलेल्या. आता एक खोली आणि त्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "येवढे शिकले तुमी लोकं, अन् मले इचारून राहिले?"

फॉर्मात एक प्रश्न होता : अडचणीत हक्कानं बोलवावं असं कोणी आहे का? "लिहा, नाही," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

दुसऱ्या भेटीत त्या मला 'तू' म्हणू लागल्या होत्या. तोच प्रश्न आला. "आता तू येतं नं. तुहंच नाव लिही." मी म्हटलं, विचारणाऱ्याचं नाव लिहिता येत नाही. "काहून? तू मानूस नाई काय?" आणि हसल्या. पण माझा नंबर मोठ्या आकड्यांत कागदावर लिहून घेतला. निघताना म्हणाल्या, "येत्या खेपेले सकाळीच ये. पातोडीची भाजी करून ठेवीन." जेवलास का, असं मला त्या दिवसांत दुसरं कोणी विचारत नव्हतं. तरीही —

तिसरी भेट मे महिन्यात होती. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल. स्टँडवर उतरलो, समोरच्या रसवंतीत बसलो. एक ग्लास, मग दुसरा. त्यांची गल्ली रिक्षानं दहा मिनिटांवर. मग का गेलो नाही? ऊन हे कारण मी नंतर शोधलं. खरं सांगू? त्या बाईनं माझ्यावर हक्क सांगितला होता, आणि मला त्याची धास्ती बसली होती. त्या काय म्हणतील ते ठाऊकच आहे ना, असं म्हणत तिथल्याच चिकट टेबलावर मी फॉर्म भरला. समाधान — पुष्कळ. हक्काचं माणूस — आहे. खाली त्या दिवसाची तारीख.

तो फॉर्म सगळ्यांना फार आवडला. एकटी, तरी समाधानी! अहवालावर त्यांचाच फोटो हवा, असं ठरलं. म्हणून जुलैत गेलो. दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली.

"त्या त हनुमान जयंतीलेच गेल्या, सर." मग मला निरखत म्हणाली, "तुमीच काय ते अमरावतीवाले? भिंतीले तुमचाच नंबर लावेल होता. छातीत दुखून राहिलं म्हणे, त दोनदा फोन लावला मी. उचललाच नाही तुमी."

अनोळखी नंबर मी उचलत नाही.

हनुमान जयंती एप्रिलात. फॉर्मवर तारीख मेची. रसवंतीत बसून मी ज्यांचं समाधान लिहीत होतो, त्या तेव्हा नव्हत्याच.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, आळस झाला, चूक झाली. नाही हो — सांगायचं ते पुढेच आहे. अमरावतीला परतलो, विभागाच्या कपाटातून तो फॉर्म काढला आणि शेवटचं पान नव्यानं लिहिलं. मेच्या जागी मार्च; आधीची तारीख चौघांपैकी कोणी नीट पाहिली नव्हती. त्याच पेनानं. अक्षर चांगलं आलं. चौघांना सांगितलं, मार्चमध्ये भेटलो आणि पुढच्याच महिन्यात बिचाऱ्या गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तत्त्वज्ञानाचे सर अजूनही व्याख्यानात कुसुमबाईंचं उदाहरण देतात. दाराशी कोणी वर्षातून तीनदा जरी आलं, तरी माणूस बरं जगतं, म्हणतात. लोक टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेत मी असतो. मीही वाजवतो.

मध्ये एकदा तोच फॉर्म स्वतःसाठी भरायला घेतला होता. हक्कानं बोलवावं असं कोणी? रकाना कोराच ठेवून कागदाची घडी केली.

तो फॉर्म खोटा आहे, हे चौघांना सांगायचं मी अजून बाकी ठेवलं आहे. शेजारणीच्या दोन फोनांना उत्तर द्यायचं बाकी आहे. आणि कुसुमबाईंची एक भेट माझ्याकडे राहिली आहे.