‘ओबे’च्या आधी ‘डिस’

नातीच्या गृहपाठात आज ‘डिस’ लावून इंग्रजी शब्दांचे अर्थ उलटे करायचे होते. खडूच्या भुकटीचा कोरडा वास माझ्या नाकात शिरला.

स्वातंत्र्यानंतरचे, मध्यभारत राज्याचे दिवस. इंदूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत तपासणीला आलेले साहेब बाईंना म्हणाले, “लड़कियों को अंग्रेज़ी किसलिए? सिलाई सिखाइए.” मग फळ्यावर त्यांनी ‘ओबे’ लिहिलं. “इतना काफ़ी है. मतलब, कहना मानो.”

बाईंनी आदल्याच दिवशी ‘डिस’ शिकवलं होतं. मी उठले आणि त्याच्या आधी ‘डिस’ जोडलं.

“मिटाओ इसे!”

“स्पेलिंग सही है, साहब. मैं नहीं मिटाऊँगी,” बाई म्हणाल्या.

तेव्हा मला मीच शूर वाटले. बाईंची नोकरी कच्ची होती. दिवाळीनंतर त्या दिसल्या नाहीत. पण आमच्यातल्या एकीनेही इंग्रजी सोडलं नाही.