विमानतळ ते विमानतळ, एकटीनं

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसत म्हणालात, "आजी लंडनला हरवली होती!" तुमच्या बाबानं तुम्हाला तसं सांगितलंय, आणि आजीनं यापुढे एकटीनं प्रवास करायचा नाही हेही त्यानंच ठरवून टाकलंय. म्हणून आजच लिहायला बसले. मी हरवले नव्हते.

तिकिटात चूक बाबाची होती. मी लंडनच्या एका विमानतळावर उतरणार होते आणि तुमच्या गावाचं विमान सुटणार होतं दुसऱ्या विमानतळावरून. हे त्याच्या लक्षात आलं मी निघायच्या दोन दिवस आधी.

"आई, मधे तासाभराचा रस्ता आहे. तुला जमणार नाही. रद्द करतो."

"तास गाडीला लागतो," मी म्हटलं. "माणसाला किती लागतो ते बघितलंस?"

माझ्या हातात पाच तास होते. म्हसवडच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा दर शनिवारी एसटी बदलत शिराळ्याला घरी यायचे. तुमचे आजोबा फौजेत. आणायला कोण येणार? कराडच्या स्टँडवर पाटीवरची वेळ एक, खिडकीतल्या साहेबांची दुसरी, गाडी लागायची तिसऱ्याच वेळी. पाटी वाचायची, पण विचारायचं ड्रायव्हरला, तेही दोघांना.

धाकटी जाऊ बॅग भरायला आली होती. "आवं अक्का, तुमचं इंग्रजी चालंल तितं. पर पाय कुणाचं चालणार?"

"माझेच. तुझे उसने मागितले का?"

"मागू बी नका, माजं कवाच गेल्यात!"

लंडनला पासपोर्टच्या रांगेतच दीड तास गेला. विमानातून उतरल्यापासून चाकाची खुर्ची घेतलेला माणूस माझ्याबरोबर होता. बाबानं न विचारता सांगून ठेवलेली. मी तिच्यावर पिशवी ठेवली आणि शेजारून चालत राहिले. बाबाचा फोन दर पाच मिनिटांनी. "आई, आहेस तिथंच थांब." थांबले असते तर दुसऱ्या विमानतळाची बस गेली असती. मी फोन बंद केला. चुकून नाही, मुद्दाम. एवढ्यालाच तुमचा बाबा हरवणं म्हणतो.

पाटीवर एक थांबा लिहिला होता, दोन ड्रायव्हरांनी दुसरा दाखवला. मी दुसऱ्यावर गेले. बस मिळाली, पण वाटेत गाड्या तुंबल्या. विमान चुकलं असतं तर बाबाचं म्हणणं खरं ठरलं असतं, मग शिराळ्यात एकटं राहण्यावरही त्यानं बोट ठेवलं असतं.

"पोचेन का मी?" ड्रायव्हरला विचारलं.

"बसून राहा, बाई. उतरून ढकललीत तरी लवकर जाणार नाही."

विमानाच्या दाराशी शेवटची चार माणसं उभी होती. त्यांच्यात पाचवी मी. बाबाच्या एका तासाला मला पावणेपाच तास लागले, आणि ते मी घेतले.

आता गुडघे दुखतात. तुमचे आजोबा नाहीत. पुढच्या उन्हाळ्याचं तिकीट मी काल स्वतः काढलं, बाबाला न विचारता. मी अजून एकटीनं प्रवास करते.