मावशी आणि काम न दाखवणारी गोळी

नागपुरात जरीपटका भागात राहणाऱ्या आमच्या मावशीचा एकच हट्ट होता. गोळी गिळली की तिने काम दाखवलंच पाहिजे. न दाखवणाऱ्या गोळीला तिच्या घरात जागा नव्हती.

गुडघ्याची गोळी तिची लाडकी. "अर्ध्या घंट्यात दुखणं गायब!" ही गोळी गुडघा दुरुस्त करत नाही, दुखणं वाढवणारं रसायन अंगात बनू देत नाही एवढंच, असं मी सांगायची. "मंग अजून काय पायजे वं तुले?" म्हणत ती शेजारणीलाही दोन गोळ्या देऊन मोकळी! त्यावरून आमची कायम जुंपायची.

स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा गुंगीच्या इंजेक्शनलाही तिने मानलं. टेबलावर आडवी होऊन ती डॉक्टरीणबाईंना सावजी मसाला शिकवत होती. औषधाने मेंदूतला गलबला शांत केला आणि बाई "खसखस भाजाची, मंग..." वर गप्प. तिला अर्ध्यात थांबवणारं या जगात पहिल्यांदाच कोणी भेटलं! शुद्धीवर येताच म्हणाली, "वाटाची." मधले तास गेले कुठे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मग गाठ परत येऊ नये म्हणून सुरू झाली रोजची गोळी. "ना झोप येते, ना दुखणं जाते. वरून अंगातून वाफा निघून राहिल्या. बंद केली मी!" अगं, नागपूरच्या मे महिन्यात वाफा कोणाच्या निघत नाहीत? पण माझं डोकंच फिरलं. "आई याच रोगाने गेली. आता तूही जा! मग मी कोणाकडे येऊ?" असं ओरडले आणि तिच्या स्वयंपाकघरात भोकाड पसरून रडले.

दुसऱ्या दिवशी तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीच्या पेशी कुठे उरल्या असतील, तर बाईच्या अंगातलं हार्मोन त्यांच्यावर जाऊन बसतं आणि त्या वाढतात. ही गोळी आधीच ती जागा अडवते."

"म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकून राहिली ही?" मावशीने विचारलं. डॉक्टरीणबाई खूश, मी खूश. त्यानंतर मावशीने गोळी चुकवली नाही, वर भाजीबाजारात भेटेल त्या बाईला रुमाल समजावत सुटली.

पुढे काही वर्षांनी कोर्स पूर्ण झाला आणि डॉक्टरीणबाईंनीच गोळी थांबवली. मावशी भरपूर जगली आणि म्हातारी होऊन गेली. शेवटच्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून मी म्हटलं, "बरं झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंचं तुला पटलं."

"काई नाई पटलं वं मले," मावशी हसली. "तू रडून राहिली होती, म्हणून घेत गेली."