वरच्या मजल्यावरची वादपटू

रोज सकाळी शारजाहून दुबईला जाताना आमची गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. तेवढ्या वेळात, माझ्याच गाडीतून कॉलेजला येणारी वरच्या मजल्यावरची कन्या शेजारी बसून माझं बौद्धिक घेते.

"काका, विचारस्वातंत्र्याच्या नावाखाली सगळेजण घरं मोडायला निघालेत," ती म्हणते आणि मुद्दा संपला की सीटबेल्ट ओढून बघते. तिच्या वयाची मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, ही हट्टाने मराठीत. लग्न आईवडिलांनी ठरवावं, सरकार कडक असावं, हे तिचं पक्कं.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. वडिलांचं ऐकलं असतं तर दुकानातच बसलो असतो. हे सांगितलं की ती हसते. "तुम्ही अपवाद, काका. यल्ला, चला लवकर, सिग्नल सुटला!"

इथल्या मराठी मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत ती दोन वर्षं दुसरी आली होती. यंदा पहिला नंबर तिला हवाच होता. अंतिम फेरीत समोरची मुलगी म्हणाली, "सोवळंओवळं मी पाळणार नाही, कारण..." हे न रुचलेल्या कार्यकर्त्यांनी पुढे बोलू न देता तिचा माइक बंद केला. आता मैदान हिचंच होतं.

ही उठली आणि स्वतःचा माइक तिच्या हातात देत म्हणाली, "आधी तिचं पूर्ण होऊ दे. अर्ध्या बोलण्याला मी उत्तर देणार नाही."

त्यात हिचाच वेळ संपला. पुन्हा दुसरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसली ती खुशीत. "काका, तिचं सगळंच चुकीचं होतं. पूर्ण ऐकलंय, म्हणून सांगते."