फळा आमचा, अक्षर कुणाचं?

वाचनालयात पुस्तकं वाढायची तर अनुदान लागतं. किस्से वाढायला दाराबाहेर एक काळा फळा पुरतो! ऐंशीच्या दशकात बोईसरच्या आमच्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. कंपनीतली ड्युटी सांभाळून हौसेनं केलेलं काम. पुस्तकांतलं फारसं आठवत नाही, फळ्यावरचं मात्र एकेक अक्षर आठवतं, आणि आठवलं की अजून धडकी भरते.

फळ्याची कल्पना गुरुजींची. गुरुजी म्हणजे आमचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेले, इतके शाकाहारी की शेजारी आम्लेट झालं तर खिडकी लावून घेणारे. "लोकांना बोलू द्या हो!" म्हणाले. सुतळीला खडू बांधला, वर ऑइलपेंटने नियम रंगवला: 'लिहिणाऱ्याने खाली नाव घालावे.' त्यासाठी खाली एक पट्टी कोरी सोडली. लोकांनी पहिल्या दिवसापासून भरभरून लिहिलं. नाव एकानंही घातलं नाही!

फळ्याखाली जनाबाय बसायची. समुद्राकाठच्या नवापूरहून सुके बोंबील नि सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घेऊन येणारी. तिची जागा फळ्याच्याही आधीपासूनची. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय आज, भाऊ?" असं मला विचारायची आणि ऐकून पोट धरून हसायची.

*

एका सकाळी फळ्यावर: 'नाक्यावरचा टेलर ब्लाउजपीसमधलं कापड मारतो.'

दुपारी टेलर तणतणत आला. मी घाबरून डस्टर उचलला.

"पुसू नका!" तो ओरडला. "पण माझं एकट्याचंच कशाला? स्टेशनसमोरचा काय कमी मारतो? त्याचं पण घाला की!"

*

मग एका फोरमनचा नंबर लागला. 'अमुक कंपनीचा फोरमन ड्युटीवर झोपतो.'

तो भर ड्युटीत स्कूटर काढून आला. "किसने लिखा? मैं कभी नहीं सोता!" गर्दी जमली. त्या गर्दीत त्याचे मॅनेजरही होते, बँकेचं काम उरकून निघालेले.

"खरं आहे," ते शांतपणे म्हणाले. "ड्युटीवर असतील तर झोपतील ना!"

*

फोरमननं जाताना "तुम सबको कोर्ट में खींचूँगा" अशी धमकी दिली, आणि गुरुजींनी धसका घेतला. फळ्याला काचेची दारं लावली, कुलूप घातलं. ठरलं असं की लोकांनी चिठ्ठी द्यायची, मी वाचायची, आणि बरी वाटली तर फळ्यावर लिहायची.

संध्याकाळी राऊतवकील पेपर वाचायला आले. आमचेच सभासद, वकिली पालघरच्या कोर्टात. कुलूप बघून खो खो हसले.

"आतापर्यंत निदान म्हणता आलं असतं, कुणी लिहिलं ठाऊक नाही. आता तुम्ही वाचणार, पसंत करणार आणि स्वतःच्या हातानं लिहिणार! अब्रूनुकसानीचा आरोपी शोधायलाच नको. अक्षरासकट हजर!"

गुरुजी म्हणाले, "मग कुलूप काढू?"

"काढा. पण एखाद्यानं तक्रार केली आणि तुम्ही पुसलं नाहीत, तर तेही तुमच्याच गळ्यात."

"म्हणजे लावलं तरी आम्ही, काढलं तरी आम्हीच?"

"फळा टांगताना मला विचारलं होतंत?"

कुलूप काढलं. दुसरं काय करणार!

*

पुढचं सांगताना अजून जीभ अडखळते. वाचनालयासमोर भरणाऱ्या बाजाराचा दिवस होता. मी शिफ्ट संपवून आलो तर फळ्यावर उजवीकडे कललेल्या मोठ्या अक्षरांत: 'फळ्याखालच्या बोंबलांवर माशी का बसत नाही? ढेकणांचं औषध मारतात!'

सकाळपासून अख्ख्या बाजारानं ते वाचलं होतं. जनाबायची टोपली तशीच भरलेली.

"भाऊ, आज लोकं वर बघतात नि पळतात. काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ती शिव्या घालील म्हणून मी तयारीत होतो. ती एवढंच म्हणाली, "माजी पोरं पन हेच खातात रे."

मी फळा घासघासून पुसला. पण फळा पुसून लोकांचं डोकं थोडंच पुसलं जातं? पुढच्या बाजारीही टोपली भरलेलीच घरी गेली. त्याच्या पुढच्याही. तिच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

*

आणि मग नोटीस आली! गुरुजींना आणि मला. अब्रूनुकसानीचा खटला का भरू नये? खाली सही बघून मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. राऊतवकिलांची!

"अहो, तुम्ही आमचे ना?"

"वाचनालयात तुमचा. कोर्टात जो आधी येईल त्याचा. जनाबाय सकाळच्या गाडीनं पालघरला आली होती. तुम्ही आलात?"

तडजोड ठरली. त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माफी. गुरुजींनी स्वतः सुवाच्य लिहिलं: 'जनाबाय यांच्या बोंबलांवर ढेकणांचे औषध मारलेले नसते. सबब दिलगीर आहोत.'

झालं! ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. कुंभवलीच्या चाळीतल्या एका कामगारानं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं, हातातले बोंबील टोपलीत परत ठेवले आणि विचारलं, "दवाई? कौन सी दवाई?"

जनाबाय उठली. "बास तुमचं लिवनं! लिवून लिवून मारलंत मना. आता खाऊन दाखवा. इथंच, सगळ्यांसमोर."

*

पुढच्या बाजारी तिनं शेगडी पेटवली, बोंबील भाजले. मी पहिला उचलला. "तू काय, रोजच खातोस!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. ते खरंच होतं. माझ्या खाण्याला काय किंमत?

सगळे गुरुजींकडे बघू लागले. जनाबायच पुढे झाली. "गुरुजी नको. त्यांना चालत नाय."

गुरुजी तिच्या गोणपाटावर मांडी घालून बसले, एक बोंबील उचलला आणि तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी चावत राहिले. गिळून झाल्यावर म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

संध्याकाळी टोपली रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायला गेलो, तर फळ्यावर तेच उजवीकडे कललेलं अक्षर: 'गुरुजी चोरून मासळी खातात!' खाली नाव नाही, अर्थातच!

मी डस्टरकडे धावलो. मागून आलेल्या गुरुजींनी माझा हात धरला. सुतळीचा खडू घेतला. 'चोरून'वर काट मारली, वर 'सर्वांसमोर' लिहिलं. मग खाली वाकले आणि त्या पट्टीवर, जिथे कधी खडू लागला नव्हता, आपलं संपूर्ण नाव घातलं.

जनाबाय टोपली उतरवत होती. "काय लिवलंय आज?"

गुरुजींनी तिला सगळं वाचून दाखवलं. नावासकट.