बांधातली खोकडं

धसईला माझ्या शाळेच्या वाटेवर एका शेतकरीण बाईचं भाताचं शेत आहे. कुठलंही जनावर दिसलं, की ती आधी त्याचं वय विचारते. कुणी शेळी घेऊन चालली असली, तरी "किती पावसालं झालं गो हिला?" म्हणते. उत्तर ऐकून मान हलवते आणि पुन्हा कामाला लागते.

गेल्या चैत्रात तिने भाताच्या रोपांच्या जागेवर, पेरणीआधी जमीन भाजायला, शेण, फांद्या आणि पाचोळा रचून राब तयार केला. तो पेटवायच्या सकाळी तिला लगतच्या बांधात बीळ दिसलं. आत खोकडाची, म्हणजे लहान जातीच्या कोल्ह्याची, पिल्लं होती. मी शाळेत निघाले होते. तिने मला थांबवलं.

"बाई, तुमी शिकवता. खोकड जगतं किती?"

"रानात फार तर सहा-आठ वर्षं," मी म्हटलं. "बर्फातला पांढरा कोल्हा तर तीन-चारच. पुष्कळ पिल्लं पहिलं वर्षसुद्धा काढत नाहीत."

"मंग यांचा येक उन्हाला तरी नीट जाऊ दे."

तिने काडेपेटी कमरेला खोचली. सगळा राब डोक्यावरून वाहून तिने पलीकडच्या उताराच्या तुकड्यात नेला आणि तिथे जाळला. तिथली माती हलकी. रोपं धरतील का, याची मलाच धास्ती होती.

रोपं जरा उशिराने आली, पण आली. लावणीच्या दिवशी मी मुद्दाम बांधावर थांबले आणि पिल्लांचं विचारलं.

"बील रिकामं हाय," ती हसून म्हणाली. "चार होती. चारी आपल्या पायानं गेली."